विखंडन, भंजन की विघटन? आणि यात भिंत कुठून आली

प्रश्न असा आहे की बातम्यांत 'अणूचं विघटन' म्हणतात, शाळेच्या पुस्तकात 'विखंडन' आहे आणि जुन्या लेखांत 'भंजन' सापडतं, तर फिशनला, म्हणजे अणूच्या केंद्रकाचे (मधल्या गाभ्याचे) दोन तुकडे होण्याला, बरोबर शब्द कुठला.

विघटन आधी बाद करा. कचऱ्याचं होतं ते विघटन. टीव्हीवर हाच शब्द फिशनलाही लावतात आणि किरणोत्सारी क्षयालाही, मग ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं यात नवल काय! अहो, युरेनियम-२३८ नुसतं पडून राहिलं तरी त्यातून अल्फा कण निघतो आणि त्याचं थोरियम-२३४ होतं, फक्त त्याला घाई नसते, निम्मे अणू बदलायला साडेचार अब्ज वर्षं जातात. हा क्षय. फिशनमध्ये युरेनियम-२३५ चं केंद्रक एक न्यूट्रॉन गिळतं आणि त्याचे दोन मोठे तुकडे होतात, म्हणजे समजा बेरियम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२, वर तीन न्यूट्रॉन मोकळे. नावापुढचा आकडा म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती ते; बेरीज करून बघा, आधी २३५ आणि १, नंतर १४१, ९२ आणि ३, दोन्हीकडे २३६. (न्यूट्रॉन न मारताही क्वचित फिशन होतं, १९४० साली फ्लेरोव आणि पेत्रझाक या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी दाखवलं, पण तो फाटा इथे नको.)

आता खरी गंमत. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला हान आणि स्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर त्याहून कितीतरी हलकं बेरियम मिळालं आणि दोघं चक्रावले. अर्थ लावला तो स्वीडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनरबाई आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी. केंद्रक म्हणजे द्रवाचा थेंब समजा, तो ताणतो, मध्ये कंबर बारीक होते, केंद्रकाला बांधून ठेवणाऱ्या केंद्रकीय बलाचा पल्ला इतका तोकडा की ते दोन टोकांना धरून ठेवू शकत नाही, आणि प्रोटॉनांचं एकमेकांना ढकलणं जिंकतं. फ्रिश कोपनहेगनला परतला आणि विल्यम आर्नल्ड या जीवशास्त्रज्ञाला विचारलं, पेशी दुभंगते त्याला तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला, बायनरी फिशन. झालं, १९३९ पासून भौतिकशास्त्रात फिशन. आपल्याकडे मात्र अमीबाचं 'द्विविभाजन' आणि युरेनियमचं 'विखंडन', म्हणजे नातंच तोडून टाकलं.

आणि हा फिशन मूळचा लॅटिन 'फिंदो' या क्रियापदाचा, फिंदो म्हणजे मी दुभंगतो, चिरतो. तो आपल्या संस्कृतातल्या 'भिद्' या धातूचा, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाचा, सख्खा भाऊ! नुसता धातू नाही, रूपसुद्धा: रुधादि गणात (संस्कृत धातूंच्या दहा गटांपैकी एकात) भिद् चं 'भिनत्ति' होतं, मध्ये 'न' घुसतो, आणि लॅटिनमध्येही तो 'न' बरोबर तिथेच. भेद, भिन्न, मतभेद सगळे यातलेच, आणि भित्तीवरून आलेली आपली भिंतही. मग फिशनला 'केंद्रकभेद' का नको? कुणी म्हणेल भेदणं म्हणजे आरपार भोसकणं. मतभेदात कोण कुणाला भोसकतं?

भंजनवाल्यांना तर माझा मुळातूनच विरोध आहे. हो, भञ्ज् पण रुधादितलाच, माहीत आहे मला. पण भंजन म्हटलं की मूर्तिभंजन आठवतं, हातोडा आठवतो, आणि इथे हातोडा आहेच कुठे? युरेनियम-२३५ ला उलट संथ न्यूट्रॉनच जास्त मानवतो, म्हणून तर बहुतेक अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनांचा वेग कमी करायला पाणी, जड पाणी किंवा ग्राफाइट ठेवतात. हळू येऊन टेकलेल्या पाहुण्यामुळे घर दुभंगलं तर त्याला भंजन म्हणणारे परिभाषाकार मला तरी पटत नाहीत, भले कितीही मोठे असोत.

बाकी उद्या परीक्षेत लिहायचं असेल तर निमूट विखंडन लिहा, केंद्रकभेदाला मार्क मिळणार नाहीत. आणि 'अणूचं' नव्हे, 'केंद्रकाचं'.