ताईंना विचारा : संत्र्याच्या सालीची चांदणी

प्रश्न : ताई, माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. नाताळासाठी घरून काहीतरी बनवून आणा, असं पाळणाघराने सांगितलंय. मोबाइलवर बघून चमकी, थर्माकोलचे गोळे, स्नोमॅनचे डोळे असं सगळं आणलं. पण ती दोन मिनिटांत उठून पळते, हाताला लागेल ते तोंडात घालते. शेवटी मीच करत बसते. सोपं काही सांगाल का?
— एक आई, त्रिमूर्ती नगर, नागपूर

उत्तर : मग त्याच्यावर नाव तुमचंच घाला बाप्पा! या वयाच्या पोरीला कापता येत नाही, नेमकं चिकटवता येत नाही. फाडता, सोलता, थापटता मात्र झकास येतं. तेवढंच तिचं काम, बाकी तुमचं. आणि दोन मिनिटं बसली तर खूप झालं.

चमकी, गोळे, डोळे आधी माळ्यावर टाका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात असल्याच वस्तू अडकतात.

सध्या आंबिया बहाराची संत्री गाड्यांवर आहेत. आपल्या संत्र्याची साल सैल, म्हणून हे जमतं. मोसंबीच्या नादी लागू नका. अंगठ्याने सुरुवात करून द्या, पुढे ती सोलेल. बिया काढून फोडी तिला भरवा. सालीचे मोठे तुकडे निवडून तुम्ही कात्रीने चांदण्या कापा, ओल्या असतानाच दाभणाने भोक पाडा, रात्रभर कागदात घालून पोळपाटाखाली दाबा आणि मग गच्चीवर उन्हात ठेवा. थोड्या वाकड्या होतात, होऊ द्या. दोऱ्यात ओवून तिच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच टांगा.

नाताळात संत्रं मी घुसवलेलं नाही बरं. जर्मनीतल्या मोरावियन चर्चमध्ये १७४७ साली मुलांना लाल फीत बांधलेली मेणबत्ती दिली गेली. पुढे या प्रथेत मेणबत्तीखाली संत्रं आलं. संत्रं म्हणजे जग, मेणबत्ती म्हणजे येशू. तुम्ही मेणबत्ती वगळा, फक्त लाल फीत बांधलेलं संत्रं तिच्या हाती द्या. पाळणाघराला तेवढं पुरे.

रंगकाम हवंच असेल तर भेंडीचा देठाकडचा भाग कापा, देठ मुठीत धरायला राहू द्या. पाच कोनांचा ठसा तयार. कणकेची खळ शिजवून एका वाटीत हळद, दुसरीत बीटाचा रस कालवा. थोडी पोटात गेली तरी बिघडत नाही. खळ कोमट असू द्या, या थंडीत गार रंगाला पोरं हात लावत नाहीत. फ्रॉक जुना घाला, हळद निघणार नाही. मिठाच्या पिठाच्या वस्तू मात्र आत्ता नकोत. ते पीठ खाल्लं तर फार मीठ पोटात जातं.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा. त्याच्यासोबत दारात लावायची चांदणी करायची आहे. आत सेलवरचे छोटे दिवे लावू का?
— एक आजोबा, सदर

उत्तर : नको आजोबा. त्या दिव्यांत बहुधा बटणासारखा चपटा सेल असतो. गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठावा लागतो. साधा एलईडी बल्ब वायरने उंचावर सोडा. कामट्यांचा सांगाडा तुम्ही बांधा. जुनी शुक्रवारीतून पतंगाचे ताव आणा, नातवाला ते मनसोक्त फाडू द्या आणि तेच तुकडे खळीने थरावर थर लावत जा.