मृणाल गोरे यांनी लोकशाहीसाठी नेमका कोणता त्याग केला?

मृणाल गोरे पाण्याच्या मोर्चांसाठी प्रसिद्ध होत्या, मग लोकशाहीसाठी त्यांनी नेमका कोणता त्याग केला आणि या सगळ्यात घराकडे दुर्लक्ष झाले नाही का, असे आपण विचारले आहे. प्रश्नाचा पूर्वार्ध माहितीचा आहे. उत्तरार्ध मात्र मी वयाच्या दहाव्या वर्षापासून ऐकत आले आहे, म्हणून लिहायला बसले.

पूर्वार्धापुरते सांगायचे तर मृणालताईंचा हिशेब १९७५ पासून मांडू नये. १९२८ साली जन्मलेल्या या मुलीने मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेत असताना ते अर्धवट सोडले आणि समाजवादी चळवळीचे काम पत्करले. बंडू गोरे यांच्याशी विवाह झाला, गोरेगावात संसार आणि काम एकत्रच सुरू झाले, आणि १९५८ मध्ये बंडू गोरे गेले तेव्हा तिशीतल्या मृणालताईंच्या पदरात लहान मुलगी होती. तीनच वर्षांनी, १९६१ मध्ये, त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. पाण्याचा लढा याच काळातला. पाणी आणि लोकशाही या आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, हेच मला मुळात खटकले. रिकामा हंडा घेऊन थेट महापालिकेत जाता येते आणि साहेबाला जाब विचारता येतो, हे ज्या बाईला एकदा कळले, तिला लोकशाही म्हणजे काय हे आणखी कोणी शिकवावे लागत नाही.

माझी आई अशाच बायकांपैकी एक होती. १९७२ मध्ये मृणालताई, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रियांनी महागाईविरुद्ध संयुक्त आघाडी उभी केली, तेव्हा आई आमच्या चाळीतल्या अकरा बायकांना घेऊन लाटणे मोर्चाला गेली होती. थाळीवर बडवून बडवून तिच्या लाटण्याचे एक टोक चिरले. ते लाटणे पुढे कित्येक वर्षे वापरात होते आणि पोळी लाटताना त्या चिरेत पीठ अडकते म्हणून आजी रोज कुरकुरत असे.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. मृणालताई भूमिगत झाल्या आणि वर्ष संपता संपता पकडल्या गेल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विरोधी पक्षांच्या लोकसंघर्ष समितीने आणीबाणीविरुद्ध देशभर सत्याग्रह सुरू केला, त्यात आईने दादरला घोषणा दिल्या आणि तिला अटक झाली. महिना-दोन महिन्यांत घरी येईन, असा तिचा अंदाज होता. पण शिक्षा संपून बाहेर पडते न पडते तोच तिला मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता स्थानबद्ध करणाऱ्या कायद्याखाली, पुन्हा आत घेतले. बाबा सरकारी नोकरीत होते आणि ती नोकरी टिकवायची तर त्यांना तोंड बंद ठेवणे भाग होते. मला नाशिकला मामाकडे पाठवण्यात आले.

फेब्रुवारीत मला विषमज्वर झाला. मामीने मोसंबीचा रस आणि लाह्यांचे पाणी यांवर मला ठेवले होते. कपाळावरची पट्टी वाळली की मामा ती मिठाच्या पाण्यात बुडवून पुन्हा ठेवी. दहाव्या-बाराव्या दिवशी ताप चढला तेव्हा मामा उठला आणि आईला भेटायला गेला. त्याने बरोबर एक टंकलिखित कागद नेला होता. यापुढे कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही, अशा अर्थाच्या तीन-चार ओळी आणि खाली सहीसाठी जागा. त्या काळात अशी हमीपत्रे सर्रास फिरत असत आणि सही केली की सुटका होईल, असे कोणीतरी मामाला सांगितले होते. मामाने माझी अवस्था सांगितली. आई खूप रडली, कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "मुदतीचा ताप मुदतीत उतरतो, दादा. सही उतरत नाही."

हे वाक्य मामाने आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाकार्यात सांगितले. कौतुकाने नव्हे. "पोटची पोर तापाने फणफणली होती आणि हिला सहीची पडली होती," असा त्याचा पुढचा भाग असे, आणि त्यानंतर "त्या वेळी लोकल तरी वेळेवर धावत होत्या" हा समारोप. मीही पुष्कळ वर्षे मामाच्याच बाजूची होते. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्यावर आई सुटून आली, तेव्हा मी तिच्याजवळ गेले नाही.

माझे मत बदलले ते दोन गोष्टी समजल्यावर. पहिली स्नेहलता रेड्डी यांची. कन्नड चित्रपट-नाट्यक्षेत्रातल्या या अभिनेत्रीला बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या, म्हणजे आणीबाणीविरुद्ध स्फोट घडवण्याच्या कथित कटाच्या, तपासात मे १९७६ मध्ये अटक झाली आणि बंगळूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांना दम्याचा विकार होता. रात्रीच्या शांततेत त्यांच्या किंकाळ्या ऐकू येत, असे त्याच तुरुंगात असलेले समाजवादी नेते मधू दंडवते यांनी नमूद केले आहे. प्रकृती पार खालावल्यावर जानेवारी १९७७ च्या मध्यास त्यांना पॅरोलवर सोडले आणि २० जानेवारीला त्या गेल्या. निवडणुकीची घोषणा होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले होते, त्यामुळे हे सारे कोणापुढे मांडावे अशी जागाच उरली नव्हती. लोकलचे वेळापत्रक याच्या तुलनेत कोणत्या पारड्यात टाकायचे, ते मामाने मला कधी सांगितले नाही.

दुसरी गोष्ट दंडवते पती-पत्नींची. मधू दंडवते बंगळूरला, प्रमिलाताई येरवड्याला. दोघेही एकाच वेळी आत होते. तरी तुमच्या मुलाकडे कोण पाहते, असे मधू दंडवते यांना कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आमच्याच चाळीतले एक गृहस्थ वर्षभर स्थानबद्ध होते, त्यांना तीन मुले होती आणि ते परतले तेव्हा त्यांना हार घातले गेले. माझ्या आईला मात्र "पोरगी वाचली हे नशीब" असे ऐकावे लागले. म्हणून आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध मला मान्य नाही. विचारायचाच असेल तर तो पुरुषांनाही विचारावा आणि मग उत्तरे ताडून पाहावीत.

मृणालताईंच्या तुरुंगवासाबद्दल थोडे राहिले. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटीला ठेवले होते. शेजारच्या कोठडीत कुष्ठरोगी स्त्री आणि समोर आरडाओरडा करणारी मनोरुग्ण स्त्री. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, आणि "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा मी स्वतः घसा बसेपर्यंत दिली आहे. नवे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी देऊ केलेले आरोग्यमंत्रिपद मृणालताईंनी घेतले नाही. ज्या डॉक्टरकीवर एकदा पाणी सोडले, तिचेच खाते परत समोर आले होते. भाषणात वापरायचे झाल्यास हा प्रसंग जरूर वापरावा, टाळ्या मिळतील.

आपण भाषण करणार असाल तर हमीपत्रावर सही न करणाऱ्यांचे गोडवे गाताना सही करणाऱ्यांना भित्रे म्हणू नका, हेही सांगून ठेवते. ज्यांच्या घरी एकच मिळवता हात होता त्यांचा हिशेब वेगळा होता, आणि आईनेही अशा कोणाला कधी नावे ठेवली नाहीत. शिवाय जनता पक्षाचे सरकार पुढे कसे कोसळले ते सर्वश्रुत आहे. त्याचे खापर १९७५ मध्ये तुरुंगात गेलेल्यांवर फोडू नये, इतकेच.

२०१८ मध्ये राज्य सरकारने आणीबाणीतल्या बंदिवानांना दरमहा मानधन जाहीर केले. तोवर आई जाऊन नऊ वर्षे झाली होती. ऐंशी उलटलेल्या मामाचा दुसऱ्याच दिवशी फोन आला की, जोडीदारालाही मिळते म्हणे, बाबांकडून अर्ज भरून घे. मी अर्ज आणला. बाबांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि सही कुठे करायची ते विचारले. मी बोट ठेवून दाखवले, तसे ते हसले आणि अर्ज माझ्याकडे परत देऊन म्हणाले, "तुझ्या मामाला सांग, आपल्याकडे सही उतरत नाही."

मामाला मी हे कळवले नाही. माझ्या तापाच्या एकवीस रात्री त्यानेच उशाशी जागून काढल्या होत्या.