पोरगा दिवसभर विंडो ओढत बसतो, ह्यात कसलं करिअर?

नमस्कार ताई,

मुलगा टीवाय बीसीएसला, नाशिकच्या अंबडला एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची (चुका शोधायची) इंटर्नशिप लागलीये, आणि घरी येऊन सांगतो की दिवसभर माउसने विंडो लहानमोठी करत होतो, म्हणून तुम्ही विचारताय की हे सोडवून पुण्याला वेबच्या क्लासला घालू का. थांबा जरा.

निफाडकडे एका वजनकाट्यावर मी बघितलेलं सांगतो. मागे कांद्याच्या ट्रॅक्टरांची लाईन, आणि ऑपरेटर पावती काढायला सात वेळा टॅब दाबून मग एंटर मारतोय, कारण प्रिंटचं बटण स्क्रीनच्या खाली गेलेलं, दिसतच नव्हतं! झालेलं असं की स्क्रीन १३६६ बाय ७६८ पिक्सेलची, अक्षरं मोठी दिसावी म्हणून विंडोजमध्ये स्केलिंग १२५ टक्के केलेलं, म्हणजे सॉफ्टवेअरला उंची मिळते ७६८ भागिले १.२५, जेमतेम ६१४, आणि बनवणाऱ्याने विंडोची कमीत कमी उंची ७०० बांधून ठेवलेली. त्याच्या स्वतःच्या मोठ्या मॉनिटरवर सगळं झकास दिसत असणार. हे पकडायला टेस्टरच लागतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनशेजारच्या पीसीवर अजून असलीच डेस्कटॉप सॉफ्टवेअर चालतात, सगळं काही ब्राउझरमध्ये गेलेलं नाही.

पण नुसतं ओढत बसला तर तुमचं म्हणणं खरं, ते कोणीही करेल. विंडोच्या कमीत कमी रुंदीचं लिमिट ८०० असेल तर ७९९, ८०० आणि ८०१ तिन्ही बघायचे, विंडो अर्ध्या स्क्रीनला चिकटवून बघायची (१३६६चं अर्धं ६८३, मग ८००वाली बसणार कशी?), दुसऱ्या स्केलिंगच्या मॉनिटरवर सरकवून बघायची. घरी पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये (विंडो बनवायची लायब्ररी) मिनसाइझ, मॅक्ससाइझ, म्हणजे लहानमोठं होण्याची लिमिट लावून स्वतःची विंडो बनवू दे, दोन ओळींचं काम आहे. मग पायविनऑटो (विंडोजमधली सॉफ्टवेअर पायथॉनने आपोआप चालवायची लायब्ररी) शिकून हीच ओढाताण स्क्रिप्टने करायची, पुढच्या नोकरीत विचारतात ते हे. आयएसटीक्यूबी फाउंडेशनची (टेस्टिंगच्या सर्टिफिकेटची पहिली पायरी) परीक्षा नंतर दिली तरी चालेल, ४० प्रश्न आणि पासिंगला २६, अवघड नाही.

आज रात्री त्याला त्याने लिहिलेला एक बग रिपोर्ट दाखवायला सांगा. त्यात स्क्रीन किती, स्केलिंग किती, काय केल्यावर बटण गायब झालं हे असेल तर राहू द्या तिथेच, आणि नुसतं 'विंडो नीट दिसत नाही' एवढंच असेल तर मला फोन करायला सांगा त्याला.

स्टायपेंडचं तुम्ही काही लिहिलं नाही. फुकट राबवत असतील तर तीन महिन्यांच्या वर थांबू देऊ नका.