लेझरने वस्तू तापते, मग तरंगणारा सूक्ष्म कण त्यानेच थंड कसा होतो?

परभणीच्या मे महिन्यात हा प्रश्न पडणारच! इथे ‘थंड’ म्हणजे कणाची थरथर शमणं. आतून तो लेझरने थोडा तापतोच.

नागपंचमीचा झोका आठवा. तो जिकडे निघाला त्याच्या उलट दर वेळी हलका रेटा दिला, की थोड्याच हेलकाव्यांत थांबतो. काचेचा कण निर्वातात लेझरच्या पकडीत तरंगत असतो (या प्रकाश-चिमट्यासाठी आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ चं नोबेल). त्यावरून विखुरणारा प्रकाश दोन आरशांमध्ये पकडतात. लेझरची वारंवारता आरशांमधल्या जागेला साजेशा वारंवारतेपेक्षा नेमकी थोडी कमी ठेवली, की बाहेर पडणारे फोटॉन (प्रकाशकण) कणाच्या हालचालीतली ऊर्जा घेऊन जातात. निर्वात मात्र हवंच, नाहीतर हवेचे रेणू पुन्हा धक्के देतात.

२०२० मध्ये व्हिएन्नात सुमारे १४० नॅनोमीटरच्या कणाची हालचाल अशी १२ मायक्रोकेल्विनपर्यंत (निरपेक्ष शून्याच्या अंशाच्या जेमतेम १२ दशलक्षांश वर) उतरवली, तीही साध्या खोलीच्या तापमानात. मला तर हे अजूनही अद्भुत वाटतं.

आपल्या हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय ना? अमेरिकेतल्या लायगोने २०२१ मध्ये ४० किलोंच्या आरशांची थरथर अशाच उलट रेट्याने शमवली; फक्त तिथे प्रकाशाने हालचाल मोजली आणि रेटा विद्युत बलाने दिला.