पंपाच्या एअर रायफलला कोणतं तेल? वाचकांचे प्रश्न

‘एअर रायफलला कोणतं तेल घालू?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: कुठे घालणार? चालेल ते एकच तेल सगळीकडे ओतलं म्हणून बिघडलेल्या बंदुका मी जास्त पाहिल्या आहेत. कोरड्या राहून बिघडलेल्या त्या मानाने कमी. या वेळचे प्रश्नही बहुतेक त्याच वाटेवरचे आहेत.

प्रश्न: मी डॅलसला राहतो. मुलासोबत परसात नेमबाजी करायला क्रॉसमन २१०० घेतली. तेलाची छोटी नळी संपली. गॅरेजमध्ये डब्ल्यूडी-४० आहे आणि गाडीचं इंजिन ऑइलही आहे. त्यातलं काय घालू?

दोन्ही नको. का नको ते कळायला ही रायफल हवा कशी साठवते ते पाहावं लागेल.

तुमची रायफल ‘मल्टी-पंप’ जातीची. पुढची दांडी खाली ओढून वर दाबली की नळीतला दट्ट्या हवा दाबून व्हॉल्व्हमध्ये कोंबतो. कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १० वेळा पंप मारायचा. दट्ट्याच्या टोकाला रबरी वाटी असते. ती वाटी आणि नळीची भिंत यांच्यात तेलाचा पातळ पापुद्रा राहिला तरच हवा मागे निसटत नाही. त्या तेलाचा अंश हवेबरोबर व्हॉल्व्हमध्ये जातो आणि तिथली सीलंही ओली ठेवतो. म्हणजे इथे तेलाचं निम्मं काम घर्षण कमी करण्याचं, निम्मं हवा अडवण्याचं. चामड्याचा वायसर असलेला जुना सायकलचा पंप आठवा. वायसर सुकला की कितीही दट्टे मारा, चाकात हवा जात नाही. दोन थेंब तेल सोडलं की लगेच दाब लागतो. तत्त्व तेच.

डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये सॅन डिएगोत तयार झालं ते मुख्यतः धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, पापुद्रा टिकत नाही आणि मागे राहतो तो चिकट थर. शिवाय त्यातलं द्रावक काही सीलांना मानवत नाही. इंजिन ऑइलची अडचण वेगळी. त्यात डिटर्जंट असतं, जळलेली काजळी तेलातच तरंगत ठेवण्यासाठी. इंजिनात ते हवंच, कारण तिथे फिल्टर आहे. बंदुकीत फिल्टर कुठला? धूळ तेलात तरंगत थेट व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसते.

तुम्हाला हवं ते २० किंवा ३० वेटचं (वेट म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा), डिटर्जंट नसलेलं, म्हणजे नॉन-डिटर्जंट तेल. क्रॉसमनचं पेलगनऑइल याच गटातलं. डेझी कंपनीही आपल्या पंपाच्या बंदुकांसाठी २० किंवा ३० वेटचं नॉन-डिटर्जंट तेलच सांगते, तेव्हा बाटलीवरच्या नावासाठी जीव टाकू नका. तिकडच्या हार्डवेअरच्या दुकानात असं तेल सहज मिळतं.

घालायचं कसं? आधी छर्रा आत नाही याची खात्री करा. मग दांडी पूर्ण उघडा. खालच्या खाचेतून दट्ट्या दिसेल आणि बहुतेक मॉडेलांत वाटीच्या मागे नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचं, कडं असतं. त्यावर तीन-चार थेंब, दांडीच्या प्रत्येक खिळीवर एक-एक थेंब, आणि मग सावकाश काही पंप मारून तेल पसरू द्या. सुमारे २५० छर्‍यांनंतर पुन्हा. जास्त घातलंत तर नळीच्या तोंडातून तेलाचा धूर निघेल आणि पुढचे काही छर्रे भलतीकडे जातील. दांडी मिटताना बोटं सांभाळा, विशेषतः मुलाची.

प्रश्न: ओहायोत एका घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत बेंजामिन ३९२ स्वस्तात मिळाली. पंप मारताना जोर लागतो, पण हवा टिकत नाही. टाकून द्यायची का?

अजिबात नको! पंप मारताना जोर लागतो, म्हणजे दट्ट्याची वाटी शाबूत आहे. गळती व्हॉल्व्हमध्ये आहे, आणि वर्षानुवर्षं पडून असलेल्या बंदुकीत ती बहुधा सुकून आक्रसलेल्या सीलामुळे असते.

आधी वर सांगितलेलं तेल नमद्यावर सढळ हाताने घाला, दहाएक थेंब. मग तीन-चार पंप मारून सुरक्षित दिशेला, मागे भक्कम आड असलेल्या ठिकाणी उडवा. असं काही वेळा करा, म्हणजे तेल व्हॉल्व्हपर्यंत पोचेल. रात्रभर राहू द्या. एवढ्यानेच पुष्कळ बंदुका जाग्या होतात. नाही झाली तर अमेरिकेतले जुने कारागीर एक उपाय करतात: ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते एटीएफ तेल, थोडंसं. त्यात सील मऊ ठेवणारे घटक असतात. हा उपाय फक्त मल्टी-पंपसाठी. स्प्रिंगच्या बंदुकीत एटीएफ घालायचं नाही. त्याचं कारण पुढच्या प्रश्नात येईल.

तरीही फुस्स होत असेल तर सीलं बदलावी लागतील. तेल झिजलेलं सील भरून काढत नाही. या रायफलीत जोर जास्त यावा म्हणून ८ पंपांच्या पुढे जाऊ नका. त्यापलीकडे व्हॉल्व्ह पूर्ण उघडेनासा होतो आणि आतल्या भागांवर ताण येतो. रायफल ठेवून देताना एक पंप हवा आत ठेवायची, छर्रा मात्र नाही. व्हॉल्व्ह मिटलेला राहतो, धूळ शिरत नाही. आणि घरात कुणी हातात घेणार असेल तर हे त्याला आधी सांगून ठेवा.

प्रश्न: सांगलीत क्लबमध्ये सराव करतो. माझी नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल आहे. मित्राच्या सांगण्यावरून नळीमागच्या भोकात शिवणयंत्राचं तेल सोडलं. आता धूर येतो, कडाड् असा आवाज होतो, पण छर्रा जास्त जोरात लागतो! मग वाईट काय?

वाईट बरंच आहे.

मल्टी-पंपमध्ये तुमचा हात हवा दाबतो. तो सावकाश चालतो, उष्णता नळीतून निघून जाते. स्प्रिंगच्या रायफलीत हेच काम दट्ट्या काही मिलिसेकंदांत करतो. इतक्या झपाट्याने दाबलेली हवा क्षणभर काही शे अंश सेल्सिअसला जाते. समोर खनिज तेलाची वाफ असली की ती पेट घेते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं, म्हणून नेमबाज याला ‘डिझेलिंग’ म्हणतात. तुमचा कडाड् आवाज तोच.

छर्रा जोरात जातो हे खरं, पण प्रत्येक वेळी वेगळ्या जोराने. दहा मीटरवर छर्रे एका जागी न लागता विखुरतात आणि तुम्ही दोष देता श्वासाला नाहीतर चापाला. आत सील करपत जातं, दट्ट्या उलटा हाणला जातो आणि शेवटी स्प्रिंग तुटते. कायद्याची बाजूही आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल विनापरवाना ठेवता येते. तेल जाळून वाढवलेला जोर त्या मर्यादेत आहे हे मोजून कुणी दाखवत नाही.

आता करा एवढंच: आणखी तेल घालू नका. उरलेलं जळून जाईपर्यंत धूर येईल, मग थांबेल. न थांबल्यास जाणकाराकडून उघडून पुसून घ्या. पुढे दाबकक्षात फक्त सिलिकॉन चेंबर ऑइल, एखादा थेंब, तेही दट्ट्या कुरकुरायला लागला तरच. कृत्रिम सीलाला एरवी ते लागतच नाही. स्प्रिंगला आणि बिजागरीला मात्र मॉलिब्डेनमचं ग्रीस. सिलिकॉन रबराला मानवतं, पण धातूवर धातू घासतो तिथे ते जवळजवळ निरुपयोगी आहे. ही अदलाबदल फार जण करतात. नवी रायफल पहिल्या काही छर्‍यांना थोडा धूर देते, ते कारखान्यातलं तेल असतं. त्याची काळजी नको.

प्रश्न: आजोबांची जुनी एअरगन सापडली. आत चामड्याचा वायसर आहे. खोबरेल तेल लावलं तर?

नको. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसं ते बंदुकीतही थिजेल, आणि काही महिन्यांनी खवट होऊन चिकटेल. चामड्याला तेल प्यायला लागतं हे मात्र खरं. चामड्यासाठीचं नीट्सफूट तेल मिळालं तर सर्वांत चांगलं. चार-पाच थेंब सोडून नळी वर करून रात्रभर उभी ठेवा, सकाळी जास्तीचं पुसा. पहिल्या दोन-चार वेळा थोडा धूर येईल.

प्रश्न: रत्नागिरीत राहते. माझी पीसीपी (टाकीत आधीच दाबाची हवा भरून ठेवायची) रायफल आहे, हातपंपाने २०० बार दाबापर्यंत भरते. पावसाळ्यात पंप जड चालतो. आत मशीन ऑइल सोडू का?

ताई, हा एकच प्रश्न असा आहे की उत्तर चुकलं तर इजा होऊ शकते. २०० बारच्या हवेच्या वाटेवर खनिज तेलाचा थेंबही जाता कामा नये. तेल, हवा आणि दाबताना होणारी उष्णता एकत्र आली की आग किंवा स्फोटही होऊ शकतो. पंपाच्या ओ-रिंगना (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांना) फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाने फिरवल्यावर जेमतेम चमकेल इतकं. पाणबुड्यांच्या साहित्यासाठी मिळतं ते चालतं. स्प्रेच्या डब्यातलं सिलिकॉन नको. त्यात डबा फवारणारा वायू बहुधा ज्वालाग्राही असतो.

तुमचं खरं दुखणं मला तेलाचं वाटत नाही, दमटपणाचं वाटतं. कोकणातल्या पावसाळ्यातली हवा दाबली की त्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. ते पंपात साचतं, ग्रीस धुऊन नेतं आणि रायफलीच्या टाकीत शिरलं तर गंज. म्हणून एका दमात भरू नका. काही मिनिटं पंप मारा, बूड गरम लागलं की थांबा, हवा सोडायचा स्क्रू उघडून पाणी बाहेर जाऊ द्या, पंप गार झाला की पुढचा टप्पा. पंपाला सिलिका जेलचा फिल्टर असेल तर रंग बदललेले दाणे लगेच बदला. आणि स्पर्धेची जर्मन रायफल असेल तर सिलिंडरवरची तारीख पाहा. त्यांची मुदत साधारण १० वर्षं असते. मुदत उलटलेला सिलिंडर चांगला दिसतो म्हणून भरायचा नाही.

प्रश्न: पुण्यात नॉन-डिटर्जंट तेल मागितलं की दुकानदार बघत राहतो. काय नाव सांगू?

दट्ट्याच्या एअर कॉम्प्रेसरचं तेल मागा. त्यावर व्हीजी ६८ किंवा व्हीजी १०० लिहिलेलं असतं; ते अनुक्रमे २० आणि ३० वेटच्या जवळ बसतं. लिटरचा डबा आयुष्यभर पुरेल, म्हणून चार जणांत वाटून घ्या. हे मल्टी-पंपसाठी आणि बाहेरच्या खिळ्यांसाठी. स्प्रिंगच्या दाबकक्षात आणि पीसीपीत नाही.

प्रश्न: नळीच्या आत तेल लावावं का?

ठेवून देताना लावा, उडवण्याआधी कोरड्या फडक्याने पूर्ण काढा. कातडी पिशवीत मात्र पावसाळ्यात ठेवू नका.