वही कोरी राहिली तरी चालेल

लॉकडाऊनमध्ये रोज रात्री कृतज्ञतेची वही लिहायची ठरवलीस, आणि तिसऱ्याच दिवशी 'घर, तब्येत, कुटुंब' हेच शब्द पुन्हा आले, हो ना? माझंही तेच झालं होतं. रोज लिहूच नकोस. एमन्स आणि मॅकलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या अभ्यासात एका गटाने आठवड्यातून एकदाच, फार तर पाच गोष्टी लिहिल्या होत्या.

मात्र नेमकं लिही. 'माणुसकी' नको, 'कचरा न्यायला आलेल्या दादांनी मास्कआडून विचारलं, बरे आहात ना?' असं. चिडचिडीच्या दिवशी चिडचिडच लिही, उसनी कृतज्ञता आणू नकोस.

आता मदतीचं. 'काही लागलं तर सांगा' यावर सहसा कुणी काही सांगत नाही. शेजारच्या एकट्या आजींना थेट म्हण, 'मी उद्या औषधं आणायला चाललोय, तुमची चिठ्ठी द्या.' पिशवी दाराशी ठेव, बेल वाजव, मागे सरक. फोटो काढू नकोस (हे सांगावं लागतं!). आणि कुणी तुझ्यासाठी काही आणलं तर 'कशाला उगाच' न म्हणता घे. मला तेच सगळ्यात जड गेलं.