वेगवान रायफल, पण गोळी कुठली? हरणाच्या सीझनआधी आलेले प्रश्न

प्रश्न: काका नमस्कार, मी पेनसिल्व्हेनियात राहतो, माझ्याकडे .२४३ विंचेस्टरची बोल्ट अॅक्शन आहे, १ः१० ट्विस्टची, म्हणजे दर दहा इंचाला गोळीला एक फेरा देणाऱ्या खाचांची. मागच्या सीझनला दुकानात जे मिळालं ते घेतलं, ५८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळी-पावडरीच्या वजनाचं बारीक माप) प्लास्टिक टोकाची गोळी होती, रेंजवर ग्रुप एकदम झकास, भोकं सगळी जवळजवळ. पण ऐंशी यार्डवर उभ्या हरणाच्या खांद्यावर नीट लागूनसुद्धा ते पळालं, तास दोन तास शोधल्यावर सापडलं, आणि बघतो तर खांद्यावर बशीएवढी जखम आणि आत काहीच गेलेलं नाही. मनाला फार लागलं. आता काडतुसं स्वतःच भरायचं, लोड करायचं ठरवलंय. मित्र म्हणतो .२४३ हरणाला लहानच आहे, मोठी रायफल घे. काय करू?

उत्तर: रायफल विकू नका. .२४३ लहान नाहीये, तुमची गोळी चुकीची होती. ती ५८ ग्रेनची गोळी व्हार्मिंटसाठी, म्हणजे प्रेअरी डॉग, कोयोटी असल्या उपद्रवी प्राण्यांसाठी बनवलेली असते, तिचं तांब्याचं कवच मुद्दाम पातळ ठेवतात की लागल्या लागल्या फुटावी. .२४३ मधून ती ३७५० ते ३९०० फूट प्रति सेकंदाने निघते, ऐंशी यार्डवर वेग फारसा उतरलेला नसतो, आणि समोर खांद्याचं हाड आलं की कातडीखाली दोन तीन इंचातच तिचा चुरा होतो. फुप्फुसापर्यंत पोचायला काही उरतच नाही. रेंजवरचा ग्रुप बघून हे कळणार नाही कारण कागदाला हाडं नसतात.

लहान कॅलिबर (बॅरलच्या भोकाचं माप) आणि जास्त वेग असलेल्या रायफलीत मोठ्या कॅलिबरपेक्षा गोळीची बांधणी जास्त महत्त्वाची असते. .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची साधी गोळी घातली तरी थोडी झिजून बाकी वजन पुढे जातंच, चूक पोटात घालायला जागा असते. ९० १०० ग्रेनमध्ये ती जागा नाही. म्हणून माझा आग्रह असा की आधी गोळी ठरवा, मग तिच्या मापाने पावडर, आणि वेगाचा विचार सगळ्यात शेवटी. लोक बरोब्बर उलटं करतात, लोडिंगच्या मॅन्युअलमधला (माहितीपुस्तकातला) सगळ्यात मोठा वेगाचा आकडा शोधतात आणि तिथे जी गोळी लिहिलेली असते ती घेतात.

तुमच्या १ः१० ट्विस्टला १०० ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे शिसं आणि त्यावर हरणाच्या हिशोबाने जाड कवच, ही पहिली पसंती. फॅक्टरीचं १०० ग्रेनचं काडतूस २९६० फूट प्रति सेकंदाच्या आसपास जातं, बॅरलच्या तोंडाशी साधारण १९५० फूट पाउंड ऊर्जा, पांढऱ्या शेपटीच्या हरणाला हे भरपूर झालं. सिएराची गेमकिंग, हॉर्नडीची इंटरलॉक, स्पीअरची हॉट कोअर, तिन्ही जुन्या आणि पारखलेल्या, महागही नाहीत. खांद्यातूनच मारायची सवय असेल तर नॉस्लर पार्टिशन घ्या, महाग आहे पण तिच्या पोटात तांब्याची आडवी भिंत असते, पुढचा भाग फुलतो आणि झिजतो, भिंतीमागचं शिसं तसंच पुढे घुसतं. जॉन नॉस्लर १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूस ह्या भल्यामोठ्या हरणाच्या शिकारीला गेले होते, चिखलाने माखलेल्या मूसवर त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या, त्यातून त्यांनी ही गोळी काढली. म्हणजे तुमचं जे झालं तेच त्यांचं झालं होतं, त्यांची रायफल तर .३०० मॅग्नम होती.

तिसरा प्रकार पूर्ण तांब्याच्या गोळ्यांचा, बार्न्सची टीटीएसएक्स वगैरे. ह्यांचं वजन जवळजवळ सगळं टिकतं म्हणून इथे १०० ग्रेनचा हट्ट नको, ८० किंवा ८५ ग्रेन पुरे. तांबं शिशापेक्षा हलकं त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, केसमधली (काडतुसाच्या पितळी नळीतली) जागा जास्त खाते, म्हणून शिशाच्या गोळीचा डेटा तांब्याच्या गोळीला कधी लावायचा नाही. आणि तिला बॅरलच्या खाचांपासून लांब बसवा, बार्न्सवालेच ०.०५० इंच अंतर ठेवून सुरुवात करायला सांगतात. तांब्याच्या गोळीला फुलायला वेग लागतो, लांबवर वेग पडला की ती पेन्सिलीसारखी आरपार जाते, म्हणून तिथे हलकी आणि वेगवान गोळी खरंच कामाची. कॅलिफोर्नियातल्या वाचकांना तर पर्यायच नाही, १ जुलै २०१९ पासून तिथे सगळ्याच शिकारीला शिसं बंद आहे.

मटण घरात खाणार असाल, आणि आपल्याकडे पोरंबाळं खातात, तर हेही बघा. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याने २००८ मध्ये मेलेल्या मेंढ्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून एक्स रे काढले होते, पटकन फुटणाऱ्या वेगवान गोळ्यांचे शिशाचे बारीक कण जखमेपासून पार दीड फुटापर्यंत सापडले. डोळ्याला दिसत नाहीत, दाताला लागत नाहीत. शिशाची गोळी वापरलीत तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, जीव तुटला तरी टाका. मी स्वतः आता घरी खायच्या हरणाला तांबंच वापरतो.

आता पावडर. १०० ग्रेनच्या गोळीला सावकाश जळणारी लागते, एच ४३५०, एच ४८३१ एससी, आयएमआर ४८३१ ह्या घरातली. किती ग्रेन घालायची ते मी इथे छापणार नाही, ते तुमच्या गोळीच्या कंपनीचं आणि पावडरच्या कंपनीचं चालू मॅन्युअल समोर ठेवूनच ठरवायचं. आणि डबा उचलताना पूर्ण नाव वाचा. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ ह्यांचा नंबर एक असला तरी पावडरी दोन आहेत, एच वाली सावकाश जळते, तिचा आकडा दुसरीला लावलात तर चेंबरमधलं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेतलं, प्रेशर कुठे जाईल सांगता येत नाही. ४३५० आणि ४८९५ चंही तसंच. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असला पाहिजे, हा नियम माझ्याकडे कुणालाच मोडता येत नाही, पाहुण्यालाही नाही.

सुरुवात मॅन्युअलमधल्या स्टार्ट लोडपासून, म्हणजे तिथे दिलेल्या सगळ्यात कमी पावडरीपासून करा, अर्ध्या अर्ध्या ग्रेनने चढा, प्रत्येकी तीन गोळ्या, मधे बॅरल हाताला थंड लागेपर्यंत थांबा कारण .२४३ चं बॅरल घशापाशी लवकर जळतं. प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगीची टिकली) चपटा झाला, केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा आला, बोल्ट उचलायला जोर लागला, ही चिन्हं दिसेपर्यंत तुम्ही हद्द ओलांडलेली असते, म्हणून मला क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, जास्त भरवसा आहे. मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त लोडला जो वेग दिलाय तो तुमच्या रायफलीत आधीच मिळाला, तर तिथेच थांबायचं, पावडर कमी दिसतेय म्हणून पुढे जायचं नाही. केसची लांबी २.०४५ इंचाच्या वर गेली की २.०३५ ला ट्रिम करा, .२४३ चं पितळ लांबतं पटकन, आणि केसची मान (गोळी धरून ठेवणारं तोंड) चेंबरमध्ये अडकली की गोळी सुटायला अडते नि प्रेशर उगाच चढतं. .३०८ च्या केसेस दाबून .२४३ करणारे लोक आहेत, त्यात मान जाड होते, नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

मित्राला एक हिशोब सांगा. २०० यार्डवर झीरो केलेली (नेम बसवलेली) १०० ग्रेनची गोळी १०० फूट प्रति सेकंद कमी वेगाने निघाली तर ३०० यार्डवर इंचभरसुद्धा फरक पडत नाही. तेवढ्यासाठी प्रेशरच्या कडेला जाऊन लोड करण्यात काय अर्थ आहे? सगळ्यात नीट ग्रुप देणारा मधला लोड घ्या, सीझनआधी बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून मारायची प्रॅक्टिस करा.

प्रश्न: दादा, मी टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या पश्चिमेला शिकारीसाठी जमीन लीजवर घेतलीय. माझी .२२-२५० आहे, जुनी, १ः१४ ट्विस्ट. इथले बरेच जण हरणाला हीच वापरतात. ६२ ग्रेनची तांब्याची गोळी लोड केली तर टार्गेटवर आडव्या भोकासारखं पडतंय. लोडिंगच्या डायमध्ये (साच्यात) काही गडबड आहे का?

उत्तर: डाय ठीक आहे, गडबड ट्विस्टची आहे. गोळी स्थिर राहायला किती फिरकी लागते ते तिच्या लांबीवर ठरतं, वजनावर नाही. तांब्याची ६२ ग्रेनची गोळी चांगलीच लांब असते, १ः१४ चं बॅरल तिला पुरेसं फिरवत नाही म्हणून ती कलंडत जाते आणि कागदावर आडवी पडते. ह्याला हँडलोडिंगमध्ये औषध नाही, वेग वाढवूनही नाही.

ट्विस्टपायी चांगलं काडतूस कसं मागे पडतं ते १९५५ साली दिसलं. विंचेस्टरने .२४३ काढलं ते १ः१० ट्विस्टने, १०० ग्रेनची गोळी चालेल असं. रेमिंग्टनने त्याच वर्षी .२४४ काढलं, केस थोडी मोठीच, पण बॅरल १ः१२, कारण त्यांना वाटलं लोक हलक्या व्हार्मिंट गोळ्याच मारणार. लोकांना एकाच रायफलीत दोन्ही हवं होतं, हरणाची गोळीसुद्धा. .२४३ घरोघरी गेलं, आणि .२४४ ला १९६३ मध्ये ६ एमएम रेमिंग्टन असं नवं नाव आणि १ः९ ट्विस्ट देऊन परत आणावं लागलं.

तुमच्यासाठी दोन रस्ते. ६० ग्रेनची पार्टिशन आखूड आहे, ती काही १ः१४ बॅरलमध्ये चालते काहींमध्ये नाही, एक डबा आणून १०० आणि २०० यार्डवर कागदावर बघा, भोकं गोल पडली तरच पुढे. नाहीतर ५० ग्रेनच्या आसपासची आखूड तांब्याची. ५५ ग्रेनची प्लास्टिक टोकाची व्हार्मिंट गोळी ३६८० फुटांनी सुटते, पण वरच्या पत्रात वाचलंत ना काय होतं, ती हरणाला नको म्हणजे नकोच.

तुमच्या त्या हिल कंट्रीतली हरणं अंगाने लहान असतात, म्हणून तिथे .२२-२५० निभावते. तरी हरीण पूर्ण आडवं उभं असेल तेव्हाच, खांद्याच्या किंचित मागे, बरगड्यांतून फुप्फुसात, दीडशे दोनशे यार्डच्या आत. तिरकं उभं असेल, तोंड तुमच्याकडे असेल, तर बोट ट्रिगरवरून काढा. मानेवर मारणाऱ्यांचं ऐकू नका, मानेत जीव जाण्याची जागा फार अरुंद असते आणि हरीण मान सारखी हलवतं. आणि ही रायफल घेऊन दुसऱ्या राज्यात जाऊ नका, टेक्सासात कुठलंही सेंटरफायर (बुडाच्या मधोमध प्रायमर असलेलं काडतूस) चालतं पण व्हर्जिनियात हरणाला किमान .२३ कॅलिबर लागतं, कोलोरॅडोत किमान .२४, शिवाय ७० ग्रेनची गोळी आणि १०० यार्डवर १००० फूट पाउंड. घरात .२४३ किंवा .२५-०६ असेल तर मी हरणाला तीच काढेन.

प्रश्न: माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, विस्कॉन्सिनमध्ये हंटर सेफ्टीचा कोर्स पूर्ण केलाय तिने. .२४३ चा धक्का तिला लागतो, डोळे मिटते ट्रिगर ओढताना. मिस्टर म्हणतात आपल्याच एच ४८३१ ची पावडर एक तृतीयांश कमी करू. चालेल का?

उत्तर: ताई, नाही, मिस्टरांना आजच थांबवा. सावकाश जळणारी पावडर स्टार्ट लोडच्या खाली नेली तर काही वेळा प्रेशर कमी व्हायच्या ऐवजी अचानक भडकतं, रायफली फुटल्यात अशाने. कमी लोडसाठी एच ४८९५ घ्या. ती बनवणाऱ्या हॉजडन कंपनीचा स्वतःचा नियम आहे की त्या गोळीला दिलेल्या जास्तीत जास्त लोडच्या ६० टक्क्यांपर्यंत ही पावडर खाली नेता येते. ६० टक्के रेंजवर सवय लागायला ठीक, हरणासाठी तेवढं खाली नको, ८० टक्क्यांच्या वरच राहा, ८५ ते १०० ग्रेनची मऊ सॉफ्ट पॉइंट वापरा म्हणजे कमी वेगातही फुलेल, तांब्याची इथे नको, आणि अंतर शंभर यार्डच्या आत. झीरो परत करायला विसरू नका, गोळी बरीच खाली पडेल.

पण मला शंका आहे की धक्क्याचा त्रास कमी आणि आवाजाचा जास्त. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही लावा. आणि दस्ता बापाच्या मापाचा असेल तर तिला तो लांबच पडणार, खांद्याच्या खोबणीत बसत नाही आणि मग दंडावर आपटतो. तो आखूड करून घ्या आधी. अधूनमधून न सांगता रिकामं चेंबर ठेवून द्या तिच्या हातात, डोळे मिटतात का ते तिचं तिलाच कळेल, रागवायची गरज पडत नाही.

प्रश्न: डिसेंबरात पुण्याला जातोय. सासरे जुने शिकारी, त्यांना दाखवायला दोन चार लोड केलेली काडतुसं आणि रिकाम्या केसेस नेल्या तर चालतील? तिकडे आता रानडुकराला, हरणाला परवाने मिळतात का?

उत्तर: एकही नेऊ नका, रिकामी केससुद्धा नाही. भारतात बॅगेत एक काडतूस सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, चुकून राहिलं म्हटलं तरी तिथल्या तिथे सुटका होत नाही, विमानतळावरून थेट पोलीस स्टेशन. रेंजला नेलेली बॅग, जॅकेट प्रवासाला वापरूच नका, वापरायचीच असेल तर उलटी करून झटका, प्रत्येक कप्पा, अस्तराच्या आतसुद्धा हात घालून बघा. आणि शिकारीचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंदच आहे, हरणाला परवाना नाही. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबद्दल वनखातं काही ठिकाणी परवानगी देतं पण ती शेतकऱ्याच्या अर्जावर, पाहुण्यासाठी नाही. सासऱ्यांना फोटो दाखवा, टार्गेटचे कागद न्या, त्यावर गोळी, पावडर, अंतर लिहून. जुन्या शिकाऱ्याला त्यातून सगळं कळतं.